न मागितलेले काम

जेवणाच्या सुट्टीत एका कागदावर सही हवी होती म्हणून मी आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या टेबलाशी गेले, आणि माझी चाहूल लागताच त्यांनी समोरची एक छोटी वस्तू चपळाईने खणात सरकवली. खण बंद होता होता आतून बारीक टकटक ऐकू आली. काहीतरी हलके घरंगळून पत्र्यावर पडले असावे. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सही त्यांनी नेहमीपेक्षा सावकाश केली, खाली तारीख घातली, आणि मी काहीही विचारलेले नसताना म्हणाले, "काही नाही, जरा वेळ जात नव्हता." ज्यांच्या हिशेबात कधी एका आकड्याचीही चूक निघत नाही, जे सुट्टी संपण्याआधीच जागेवर येऊन बसलेले असतात, त्यांनी स्वतःच्या हक्काच्या मोकळ्या वेळेबद्दल असे ओशाळे व्हावे, याची मला त्या क्षणी गंमत वाटली. संध्याकाळपर्यंत त्यातली गंमत निघून गेली होती.

खणात काय होते यापेक्षा ते लपवावे का लागले, याचीच रुखरुख लागून राहिली.

कारण त्याच वेळी त्याच दालनात बाकीचे सगळे जण मोबाइलवर बोट फिरवीत बसलेले होते आणि त्यांच्यापैकी कोणीही मला पाहून मोबाइल उलटा ठेवला नव्हता. वेळ वाया घालवण्याची आपल्याला लाज वाटत नाही. किंबहुना 'जरा डोके रिकामे करतो' असे म्हणून आपण ती गोष्ट उघडपणे करतो. लाज वाटते ती, कोणीही सांगितलेले नसताना एखादे काम जीव ओतून करताना सापडलो तर. कामाचा वेळ आणि विश्रांतीचा वेळ यांच्यामधला हा तिसरा वेळ कोणत्याच रकान्यात बसत नाही. त्याला कष्ट पडतात म्हणून तो विश्रांती नव्हे, आणि त्याचे मोल कोणी देत नाही म्हणून ते काम नव्हे. 'छंद' हा शब्द आपल्याकडे आहे खरा, पण मोठ्या माणसाच्या बाबतीत तो उच्चारताना आपला आवाज किंचित कौतुकाचा, म्हणजेच किंचित वरचढ होतो.

पुढे कधीतरी त्यांनी आपणहून तो खण माझ्यासमोर उघडला. आत बुद्धिबळाचा घडीचा चुंबकी पट होता. ते खेळत नव्हते, कूटे रचत होते. 'पांढऱ्याने खेळून दोन खेळ्यांत मात करावी' अशा प्रकारची कूटे सोडवणारे पुष्कळ असतात. पण ती कोणीतरी आधी रचलेली असतात, हे माझ्या कधी मनातच आले नव्हते. त्यांनी मला त्यातली शिस्त समजावून सांगितली, आणि सांगताना त्यांचा चेहरा हिशेब तपासताना असतो तसाच झाला. पहिली खेळी एकच असली पाहिजे. आणखी एखाद्या खेळीनेही मात होत असेल, तर सगळी रचना बाद. ती पहिली खेळी शक्यतो शह देणारी नसावी, कारण शह तर कोणालाही सुचतो. पटावरचे प्रत्येक मोहरे तिथे कशासाठी आहे ते सांगता आले पाहिजे. एखादे प्यादे उचलून घेतले आणि तरीही कूट जसेच्या तसे राहिले, तर ते प्यादे फुकटचे. आणि पटावरची स्थिती खऱ्या डावात कधीतरी उद्भवू शकेल अशी हवी. प्यादी जिथे पोचूच शकत नाहीत तिथे ती मांडून चालत नाही. एका कोपऱ्यातल्या उंटावर बोट ठेवून ते म्हणाले, "हा मला नकोय. पण याला काढला की काळा राजा निसटतो." त्या एका उंटापायी ती रचना बरेच महिने अडली होती.

त्या उंटाचे मला फार दिवस आश्चर्य वाटत राहिले, कारण कार्यालयात त्याच माणसाला मी 'असू द्या, चालून जाईल' असे म्हणताना ऐकले होते, आणि ते योग्यच होते. नोकरीतल्या कामाला मुदत असते, वरिष्ठ असतात, समोर कोणीतरी ताटकळत असते. त्यामुळे काम पुरेसे चांगले झाले की ते हातावेगळे करणे हेच शहाणपणाचे असते. हौसेच्या कामाला अशी पळवाट नाही. जे कोणी मागितलेच नाही त्याबद्दल 'चालून जाईल' असे सांगायचे कोणाला? छंद म्हणजे सैल, मोकळे, मनाला येईल तसे काहीतरी, ही समजूत बहुधा छंद नसलेल्यांची असावी. माझ्या पाहण्यात तरी, पगारासाठी केलेल्या कामात जी माणसे बऱ्यापैकी समंजस असतात, तीच घरी स्वतःच्या टेबलाशी बसली की अत्यंत हटवादी होतात.

मी स्वतः जुनी पुस्तके बांधते. सुटी झालेली पाने दुमडून त्यांची जुजे करायची, जुजांच्या घडीत टोच्याने भोके पाडायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याने एकेक जुज मागच्याला गुंफत जायचे, अशी ही जुजबंदी. हे सांगायला एक वाक्य लागले. हाताला कळायला फार काळ लागतो. दोरा ओढायचा तो पाठीच्या रेषेला धरून, कधीही कागदाकडून बाहेर नाही, नाहीतर भोक फाटून लांबोडके होते. ताण सगळीकडे सारखा हवा; तो डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्याला लागतो. मेणाचा वास बोटांना दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो, आणि खळ वाळताना खोलीत जो किंचित आंबूस गंध पसरतो, तो मला एकटीलाच आवडतो. सगळ्यांत छळणारी गोष्ट म्हणजे कागदाची दिशा. कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एका बाजूला लागतात, आणि ओल लागली की कागद त्या तंतूंच्या आडव्या अंगाने फुगतो. म्हणून तंतू पुस्तकाच्या पाठीला समांतर असावे लागतात. पुठ्ठा किंवा अस्तराचा कागद आडवा कापला, तर खळ लावताना सगळे सरळ दिसते आणि दाबाखालून काढून दोन दिवस झाले की पुठ्ठा धनुष्याकृती होतो. ज्याच्यासाठी मी पुस्तक बांधते त्याला हे कळणारही नसते. पण मला प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंनी वाकवून, कोणत्या बाजूने तो सहज वाकतो ते पाहिल्याशिवाय कात्री लावता येत नाही.

आणि दारावरची घंटा वाजली की मीही टेबलावर वर्तमानपत्र पसरते.

ही सवय माझ्या एकटीची नाही, हे मला मार्जोरी राइस यांची हकिकत वाचताना कळले. कॅलिफोर्नियातल्या पाच मुलांच्या या आईचे गणिताचे शिक्षण शाळेतल्या एका वर्षापुरतेच झालेले होते. मुलासाठी घरी येणाऱ्या 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात १९७५ साली मार्टिन गार्डनर यांचे एक सदर त्यांनी वाचले. प्रश्न फरसबंदीचा होता: एकाच आकाराच्या पंचकोनी फरश्यांनी, मध्ये फट न ठेवता आणि एकीवर दुसरी न चढवता, सपाट जमीन भरता येते का? सर्व बाजू आणि सर्व कोन सारखे असलेल्या पंचकोनाने ती भरत नाही, कारण त्याचा प्रत्येक कोन १०८ अंशांचा असतो आणि ३६० ला १०८ ने निःशेष भाग जात नाही. वेड्यावाकड्या पंचकोनांच्या काही जातींनी मात्र ती भरते. १९६८ मध्ये रिचर्ड कर्शनर या गणितज्ञाने अशा आठ जाती आहेत आणि यादी पूर्ण झाली, असे जाहीर केले होते. पण गार्डनर यांचे सदर वाचून एका वाचकाने नववी शोधून पाठवली. राइस यांनी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आकृत्या काढायला सुरुवात केली. गणिताची रूढ परिभाषा त्यांना येत नव्हती, म्हणून कोन आणि बाजू यांची नाती मांडण्यासाठी त्यांनी स्वतःचीच चिन्हे बनवली. घरात कोणी आले, की त्या आकृत्या झाकून टाकीत. १९७७ अखेरपर्यंत त्यांना आणखी चार नव्या जाती सापडल्या होत्या. गार्डनर यांनी त्यांचे कागद डोरिस शाटश्नायडर या गणितज्ञ विदुषीकडे पाठवले, तेव्हा त्यांना ती घरगुती चिन्हे आधी उलगडून घ्यावी लागली, आणि मग काम पक्के निघाले.

ही गोष्ट सांगताना लोक बहुधा शोधापाशी थांबतात. माझे मन त्या झाकलेल्या कागदापाशी अडते. त्यांना लाज वाटत होती, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. मी माझ्यापुरते तपासून पाहिले, तर वर्तमानपत्र पसरण्यात लाज आहे, पण ती थोडी. जास्त आहे ती राखण. अर्धवट कामाकडे पाहून कोणी "वा, छान" म्हटले तरी ते काम बिघडते, आणि "याचे पुढे काय करणार?" असे विचारले तर त्याहून बिघडते. हा दुसरा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पण त्या प्रश्नाने कामाला एकदम भविष्यकाळ चिकटतो आणि हातातला दोरा क्षणभर निरर्थक वाटू लागतो. चोराला जसा अंधार लागतो तसा छंदालाही थोडा आडोसा लागतो, एवढेच. दोघांना एका ओळीत बसवल्याबद्दल छंदिष्टांनी मला माफ करावे.

हा आडोसा कधीकधी शब्दांचाही असतो. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी, आपण संगणकासाठी एक कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, लिहीत आहोत असे इतर जाणकारांना कळवले, तेव्हा लगेच पुस्तीही जोडली की हा केवळ छंद आहे, हे काही मोठे आणि व्यावसायिक होणार नाही. आज जगातले अगणित संगणक त्यातूनच घडलेल्या लिनक्सवर चालतात म्हणून त्या वाक्याची सगळे जण मौज करतात. मला त्यात विनयापेक्षा सावधपणा अधिक दिसतो. 'छंद आहे' असे एकदा म्हटले की वेळेवर पूर्ण करण्याची, सगळ्यांना आवडण्याची, आणि अर्ध्यात सोडले तर उत्तर देण्याची जबाबदारी उरत नाही. तेवढी मोकळीक मिळाली नसती तर त्या मुलाने ते कळवलेच असते की नाही, कोण जाणे.

नोकरीच्या जागी या आडोशाचा प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण तिथली वेळ आणि साधने आपली नसतात. काही संस्थांनी यावर उपाय म्हणून अशा कामाला नियमातच जागा करून दिली. थ्रीएम या अमेरिकी कंपनीत कर्मचाऱ्यांनी कामाचा पंधरा टक्के वेळ स्वतःला सुचलेल्या गोष्टींसाठी वापरावा, अशी प्रथा गेल्या शतकाच्या मध्यापासून आहे. तिथल्या स्पेन्सर सिल्व्हर यांनी १९६८ मध्ये एक गोंद बनवला होता, जो चिकटायचा पण सहज सुटायचाही. अशा गोंदाचे करायचे काय, हे कोणालाच कळेना. काही वर्षांनी त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना चर्चमधल्या गायनाच्या वेळी गीतांच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या सारख्या गळून पडत असल्याचा वैताग आला आणि त्यांना तो गोंद आठवला. १९८० मध्ये त्या पिवळ्या चिकटचिठ्ठ्या अमेरिकाभर विक्रीला आल्या. ही कथा व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत इतक्यांदा सांगितली जाते की तिच्यातला खरा रस आटला आहे. व्याख्याते पंधरा टक्क्यांवर जोर देतात; मला मात्र वाटते की टक्केवारीने फार तर खुर्ची मिळते. गायनाच्या वेळी चिठ्ठी पडल्याचा वैताग कोणत्या टक्क्यात धरायचा? आणि 'तुमच्या स्वतःच्या कल्पनांसाठी राखीव वेळ' असे वेळापत्रकात लिहिले, की महिन्याच्या शेवटी त्या वेळेचाही अहवाल मागणारे कोणीतरी निघतेच.

त्यापेक्षा मला सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या संशोधनसंस्थेतल्या माइक सेंडल यांची रीत आवडते. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये माहितीचे दुवे जोडण्याबद्दलचा आपला प्रस्ताव त्यांच्याकडे, म्हणजे आपल्या वरिष्ठांकडे, दिला. सेंडल यांनी त्याच्या पहिल्या पानावर वरच्या बाजूला तीनच शब्द लिहिले, ज्यांचा अर्थ 'अस्पष्ट, पण उत्साहवर्धक' असा होतो. पुढे ज्याला सारे जग वेब म्हणू लागले, तो सर्नचा अधिकृत प्रकल्प कधीच नव्हता. सेंडल यांनी १९९० मध्ये बर्नर्स-ली यांना त्यासाठी वेळ मिळेल एवढे पाहिले. वरिष्ठाने स्पष्टतेचा हट्ट न धरता नजर थोडी दुसरीकडे वळवणे, ही मोठीच कला आहे आणि तिचे प्रशिक्षण कुठेही मिळत नाही.

इथवर मी छंदाची बाजू घेत आले, पण घरातल्या माणसांनाही एक बाजू असते. विल्यम हर्शेल हे बाथ शहरात वाद्यवादन आणि संगीताच्या शिकवण्या करणारे गृहस्थ. त्यांना दुर्बिणीचे आरसे घासण्याचा नाद लागला आणि १३ मार्च १७८१ च्या रात्री, घरी बनवलेल्या दुर्बिणीतून, त्यांना युरेनस सापडला. त्यांची बहीण कॅरोलिन हिने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की घरातल्या जवळपास प्रत्येक खोलीचा कारखाना झाला. उत्तम सजवलेल्या दिवाणखान्यात सुतार दुर्बिणीची नळी बनवीत होता. एकदा एक आरसा पुरा करण्यासाठी हर्शेल यांनी सलग सोळा तास त्यावरून हात काढला नाही, आणि तेवढा वेळ कॅरोलिनने त्यांना घास भरवले. कॅरोलिनचे स्वतःचे गाणे चांगले चालले होते, ते या धांदलीत मागे पडले. पुढे तिने स्वतंत्रपणे आकाश पाहायला सुरुवात केली, १७८६ मध्ये पहिला धूमकेतू शोधला, नंतर आणखीही शोधले, आणि १७८७ पासून राजाने तिला वर्षाला ५० पौंड वेतन दिले. शेवट गोड झाला म्हणून मधल्या घासांचा हिशेब मिटत नाही. आमच्या घरी जेवणाचे टेबल एकच आहे, आणि दाबाखाली ठेवलेले पुस्तक रात्रभर हलवायचे नसते. त्या रात्री बाकीचे सगळे मांडीवर ताट घेऊन जेवतात. ते कुरकुर करीत नाहीत याचा अर्थ त्यांना ते आवडते असा मी काढते, पण तो अर्थ माझ्या सोयीचा आहे हेही मला ठाऊक आहे.

आडोसा किती काळ राखायचा, हाही एक पेच आहे. मायकेल व्हेंट्रिस हा पेशाने वास्तुविशारद. चौदा वर्षांचा असताना, १९३६ मध्ये, त्याला क्रीट या ग्रीक बेटावरच्या, न वाचल्या गेलेल्या प्राचीन लिपीने झपाटले. अठराव्या वर्षी त्याने त्या विषयावर एका विद्वत्पत्रिकेत लेख छापला, तेव्हा आपले वय त्याने कळू दिले नाही. पण पुढे काम अर्धवट असतानाच तो आपली टिपणे, चुकण्याची शक्यता जमेस धरून, त्या विषयातल्या जाणकारांना पाठवीत राहिला, आणि १९५२ मध्ये लिनिअर बी नावाची ती लिपी ग्रीक भाषेची असल्याचे त्याने दाखवून दिले. आधी त्याची स्वतःची अटकळ वेगळीच होती. झाकण्याची आणि दाखवण्याची वेळ ज्याला बरोबर कळते, त्याचा मला हेवा वाटतो. दाखवायला लागते ते माणूसही कौतुक करणारे असून भागत नाही. त्याला 'हा उंट इथे कशासाठी?' असे विचारता आले पाहिजे. बुद्धिबळाचे मला फारसे कळत नाही, तरी एवढा एक प्रश्न मी त्या सहकाऱ्यांना आता अधूनमधून विचारते, आणि ते बराच वेळ उत्तर देतात.

मला स्वतःला मात्र सर्वांत अधिक विचारला गेलेला प्रश्न वेगळा आहे: "तू ही पुस्तके पैसे घेऊन का बांधून देत नाहीस?" दिली, काही दिवस दिली. पैशाने हौस बाटते, असे मी म्हणणार नाही, कारण त्या पैशांतून आलेला पुस्तके दाबायचा शिकंजा मी आजही वापरते. शिवाय रोज शेकडो पुस्तके बांधणाऱ्या कारागिराच्या हातातली सफाई माझ्या हातात येणार नाही, आणि ती त्याला मुदतीनेच दिलेली आहे. फरक पडला तो इतकाच, की तारीख ठरली की मी पुस्तकाकडे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी पाहू लागे. त्याला काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हे मला आपोआप कळू लागले, आणि जे त्याला दिसणार नाही तिथे हात लवकर उरकू लागला. ती सगळी पुस्तके वेळेवर गेली. चांगलीही झाली.

घरातला जुना शब्दकोश मात्र तेव्हापासून टेबलाच्या कडेला उघडा पडला आहे. जुजे शिवून झाली आहेत, पण मूळ पाठीवरची सोनेरी अक्षरे अजून वाचता येतात, आणि ती पाठ आता इतकी ठिसूळ झाली आहे की उघडमिटीला फार काळ टिकणार नाही. ती सोलून, खाली नवे कापड देऊन पुन्हा वर चिकटवायची, की संपूर्ण नवी पाठ चढवून जुनी आत पाकिटात जपून ठेवायची, हे ठरत नाही. पहिल्या रीतीत अक्षरांना तडा जाण्याचा धोका आहे, दुसऱ्या रीतीत पुस्तक ओळखू येणार नाही. पैसे देणाऱ्याने यातला एक पर्याय मला एका वाक्यात सांगून टाकला असता. तसे सांगणारे इथे कोणी नाही, म्हणून मी आधी दोन निरुपयोगी पुस्तके घेऊन दोन्ही रीती त्यांच्यावर करून पाहणार आहे, आणि टेबल तोवर रिकामे होणार नाही हे आजच घरात सांगून ठेवले आहे.